पुस्तकातला माझा ओठ

"रुमाल काढ, बाळ," बाई माइकवर म्हणाल्या.

मी तो तोंडावरून काढला नाही. त्यांनी हसत हसत तो माझ्या हातातून ओढून घेतला आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकला. समोर हॉलभर मुलं. मुंबईची शाळा, एसी लावलेला, सगळ्यांचे बूट काळे चकचकीत. मागच्या पडद्यावर चित्रातली एक मुलगी, भिंतीएवढी मोठी. तिचा वरचा ओठ मधोमध दुभंगलेला, पण गुलाबी, फुलाच्या दोन पाकळ्यांसारखा. तिच्याखाली मी उभी. माझाही ओठ मधोमध फाटलेला. पण त्यातून हिरडी दिसायची, एक दात आडवा बाहेर आलेला, आणि सर्दी असो नसो, नाक वाहायचं.

"हीच आपली पाकळी," बाई म्हणाल्या. टाळ्या पडल्या.

मग त्यांनी मुलांची रांग लावली. एकेकानं पुढं यायचं, माझ्या ओठाला बोट लावायचं आणि म्हणायचं, तू आहेस तशीच सुंदर आहेस. असं केल्यानं भीती जाते म्हणे. मुलांची भीती. कुणी बोट लावून लगेच पँटला पुसलं. एका मुलीला रडू आलं तर बाईंनी तिला जवळ घेतलं आणि सांगितलं, घाबरू नकोस, काही करत नाही ती. एकानं विचारलं, हिला चावता येतं का. त्याचं उत्तरही बाईंनीच दिलं.

नंतर शिक्षकांच्या खोलीत जेवण होतं. मी दारापर्यंत पोचले होते. बाई शिपायाला हळू आवाजात म्हणाल्या,

"हिचं ताट गाडीत नेऊन द्या. जेवताना बघवत नाही."

मी अकरा वर्षांची होते. वरणभात गाडीत बसून खाल्ला. नाकातून आलेली शितं फ्रॉकला पुसली, कारण रुमाल बाईंच्या पर्समध्ये होता.

इथं मी त्यांना बाई म्हणते आहे. तेव्हा मावशी म्हणावं लागायचं. मॅडम म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. आपण सगळे सारखे, असं त्यांचं म्हणणं.

हरिहरेश्वरच्या अलीकडे, समुद्राच्या अंगाला त्यांचा बंगला. आम्ही वरच्या डोंगरातल्या आदिवासीवाडीतले. बाप वीटभट्टीवर गेला तो तिथंच तापानं मेला. मी तेव्हा रांगत होते. ओठ आणि आतली टाळू, दोन्ही जन्मापासून फाटलेलं. हे शिवता येतं, असं आईला कुणी सांगितलंच नाही. लोकांनी एवढंच सांगितलं की ग्रहणात तू विळी हातात घेतली असशील. बाप गेल्यावर आई बंगल्यावर कामाला लागली. मागच्या बाजूला दोन खोल्या मिळाल्या. झाडलोट, बागेला पाणी, सुपाऱ्या गोळा करणं, आणि शनिवारी बाई आल्या की स्वयंपाक.

बाई लहान मुलांसाठी चित्रांची पुस्तकं करायच्या. मी नऊ वर्षांची असताना एकदा त्यांनी मला झोपाळ्यावर बसवलं आणि माझं तोंड कागदावर काढायला घेतलं. मग दर शनिवारी. खोटं कशाला बोलू, मला आवडायचं ते. शाळेत मुलं मला फाटकी म्हणायची. वाडीतली माणसं बोलताना माझ्या कानाकडं बघायची. आणि ही बाई तासन् तास माझ्या तोंडाकडं बघत होती, एकदाही नजर न हलवता. मला वाटलं, हिला मी आवडते. तिला काय आवडलं होतं ते पुस्तक आल्यावर कळलं.

पुस्तकातल्या पाकळीचं नाक वाहत नाही. ती घडाघडा बोलते. जेवतानाचं चित्रच नाही. एक दिवस पाकळी समुद्राला सांगते, मला दुसरा ओठ दे. समुद्र म्हणतो, नको, तू आहेस तशीच राहा. शेवटच्या पानावर ती हात पसरून म्हणते, मी मला आवडते.

मला ते वाक्य म्हणता यायचं नाही. टाळू फाटकी असली की हवा नाकातून जाते. आवडतेचं आवनने व्हायचं. बाईंनी ते माझ्याकडून पन्नासदा म्हणून घेतलं, मग नाद सोडला.

पुस्तक खूप चाललं. शाळाशाळांतून बोलावणी येऊ लागली. बाई मला घेऊन जायच्या. आईला काय बोलणार? शाळा बुडते म्हटलं तर बाई म्हणाल्या, यातूनच ती शिकेल.

त्याच वर्षी म्हसळ्याला सरकारी दवाखान्यात शिबिर लागलं. वाडीवर औषधगोळ्या द्यायला येणाऱ्या आशाताई आम्हाला एसटीनं घेऊन गेल्या. मुंबईचे डॉक्टर आले होते. त्यांनी माझ्या तोंडात बॅटरी मारून बघितलं आणि आईवर रागावले. एवढी मोठी होईपर्यंत का थांबलात? मग त्यांनी सांगितलं की ओठ आणि टाळू दोन्ही शिवता येईल, फुकट होईल. बोलणं अगदी साफ होणार नाही, उशीर झालाय. पण जेवण नाकातून येणार नाही. आता आणखी उशीर करू नका. त्यांनी तारीख लिहिलेला कागद दिला. परतीच्या एसटीत आईनं तो कागद घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला आणि सारखी छातीवर हात ठेवून चाचपत राहिली.

शनिवारी तिनं तो बाईंना दाखवला. अगदी आनंदानं. बाईंनी वाचला, परत दिला. मग आईला समोर बसवून समजावलं. भूल देतात, लहान पोर आहे, कधीकधी जागं होत नाही. रक्त खूप जातं. आणि गरज काय आहे? आई म्हणाली, पोरीला जेवता येत न्हाय. तेव्हा बाईंच्या तोंडून खरं निघालं.

"मुलांना मी काय सांगू? पाकळी शेवटी शिवून आली?"

पुढं त्या म्हणाल्या, पुस्तकाचं हे वर्ष जाऊ दे, मग मीच चांगल्या डॉक्टरांकडे नेईन. आणि उठता उठता सहज बोलल्यासारखं बोलल्या, मागच्या खोल्यांचंही आता काहीतरी ठरवायला हवं, पाहुणे वाढलेत.

आईनं कागद पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी टाकला. तारीख आली. गेली. त्या दिवशी तिनं मला भाताची पेज केली, पातळ, आणि मी पिईपर्यंत भिंतीकडं तोंड करून बसून राहिली.

मे महिन्यात बाईंची मुलगी रेवा सुट्टीला आली. माझ्याच वयाची. तिच्या दातांना तार बसवली होती, चकचकीत. दर महिन्याला डॉक्टर ती घट्ट करतात, फार दुखतं, असं ती सांगत होती. मी ओसरी झाडत होते. माझं बोलणं तिला थोडंफार कळायचं. मी विचारलं, दातांनी जेवता येत नाही का?

"येतं की."

"मग कशाला?"

"वाकडे दिसतात म्हणून."

ती दुखतंय म्हणून रडायला लागली तशा बाई आतून आल्या. तिचं डोकं मांडीवर घेतलं. म्हणाल्या, "दोन वर्षं सहन कर, बाळा. आयुष्यभर छान दिसशील."

मी तिथंच होते. हातात झाडू. बाईंना मी दिसत होते आणि त्यांना काहीही वाटलं नाही. लपवावं असंसुद्धा वाटलं नाही. माझं डोकं एकदम थंड झालं. आजवर मला वाटायचं, यांना कळत नाही. त्यांना सगळं कळत होतं. त्यांची मुलगी मुलगी होती. मी चित्र होते.

पंधरा दिवसांनी जवळच्याच एका रिसॉर्टमध्ये बाईंचा कार्यक्रम होता. सुट्टीला आलेली मुंबई-पुण्याची मुलं, त्यांचे आईबाप, वर्तमानपत्रवाले. स्टेजच्या मागं पाकळीचं मोठं पोस्टर. मुलांना चित्रं काढायला जाड मार्कर पेनं वाटली होती. आई मागं चहाच्या टेबलाशी उभी होती. ठरल्याप्रमाणे शेवटी बाईंनी माइक माझ्या तोंडापुढं धरला.

मी म्हणाले, मला ऑपरेशन पायजे.

ते माझ्या तोंडून कसं निघालं ते मला माहीत आहे. "मना ऑमनेनन मायने."

कुणालाही कळलं नाही. बाईंना कळलं. मी त्यांच्या डोळ्यांत बघत होते. त्या लोकांकडं वळून म्हणाल्या,

"ती म्हणतेय, मी मला आवडते."

टाळ्या. उभं राहून टाळ्या. एक बाई डोळे पुसत होत्या.

मी खाली उतरले. पहिल्या रांगेतल्या मुलीच्या हातातलं पेन घेतलं. परत वर चढले. पोस्टरवर, पाकळीच्या तोंडावरून, या कानापासून त्या कानापर्यंत मोठ्या अक्षरात लिहिलं. मला ऑपरेशन पाहिजे. मावशी लिहायला हात वळेना. पहिल्यांदा बाई लिहिलं. बाई होऊ देत नाहीत.

टाळ्या थांबल्या. जिचं पेन घेतलं होतं ती मुलगी पहिली-दुसरीतली असेल. ती एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचू लागली. मला. ऑ-प-रे-शन. पा-हि-जे. तिच्या आईनं तिच्या तोंडावर हात ठेवला. तोवर सगळ्यांनी वाचलं होतं.

बाई स्टेजवरच रडल्या. लोक धावले. त्यांच्याकडं. कुणी पाणी दिलं, कुणी पाठीवरून हात फिरवला. एवढं करून हेच फळ, असं कुणीतरी म्हणालं. मी पेन हातात धरून उभी होते. माझ्याजवळ कुणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोल्या रिकाम्या करायचा निरोप आला. आईनं ट्रंक डोक्यावर घेतली. फाटकाबाहेर रस्त्यावर ट्रंक खाली ठेवली आणि मला खाडकन थोबाडीत मारली. "आता ऱ्हायचं कुटं, सांग." मग ती ट्रंकेवरच बसली. खूप वेळ. शेवटी उठली, ट्रंक उघडली, तळातून तो जुना कागद काढला आणि म्हणाली, "चल आशाताईकडं."

नवी तारीख मिळायला आठ महिने गेले. ते आम्ही वाडीत चुलत्याच्या पडवीत काढले. दोन ऑपरेशनं झाली. भूल उतरून जागी झाले तेव्हा आई पलंगाच्या पायाशी उभी होती, माझा पाय धरून. ओठ जुळला. जेवण आता घशातूनच जातं. बोलणं मात्र अजून नाकातून येतं, ते कायमचं. लवकर आली असती तर थोडं सुधारलं असतं, एवढंच डॉक्टर म्हणाले. किती लवकर, ते मी विचारलं नाही. ट्रंकेतल्या कागदावर लिहिलेलं होतं.

आज मी म्हसळ्यात झेरॉक्सच्या दुकानात ऑनलाइन फॉर्म भरते. गेल्या महिन्यात बाईंचा फोन आला. पुस्तकाची नवी आवृत्ती निघते आहे. माझा आत्ताचा फोटो हवा होता, टाक्यांच्या खुणेसकट. शिवणही सुंदरच असते, म्हणाल्या. मी म्हटलं, देते. पण ती हुकलेली तारीख का हुकली तेही छापा. त्या अगदी मायेनं म्हणाल्या,

"तू अजून स्वतःला स्वीकारलेलं दिसत नाहीस."

मी फोन ठेवला.

मी स्वतःला कधी नाकारलं होतं? फाटलेलं शिवून मागितलं होतं, तेवढंच. मला नाकारलं ते दुसऱ्यांनी, आणि मला स्वीकारायला शिकवायलाही तेच पुढं आले.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दुकानातच, कामाच्या मधेमधे मी पत्र लिहिलं. ज्या ज्या शाळेत हे पुस्तक वाचून दाखवतात असं कळलं, तिथल्या मुख्याध्यापकांना पाठवलं. चित्रातली मुलगी मी आहे. पुढच्या वेळी पुस्तक वाचाल तेव्हा मला बोलवा. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. तळा गावातल्या एका शाळेनं दिलं. सोमवारी जाणार आहे.

जे झालं ते सगळं सांगणार आहे, मुलांना कळेल अशा शब्दांत. आवाज नाकातून येईल. मुलं हसतील, हसू देत. पहिल्यांदा कळणार नाही. मी पुन्हा सांगेन. तरी नाही कळलं तर तिसऱ्यांदा. माझ्या बोलण्याचा अर्थ सांगायला आता मधे कुणालाही उभं राहू देणार नाही.