मागून आलेली आपली बोली

वर्ध्यात तबला दुरुस्तीच्या दुकानावरून गेले, की ओल्या चामड्याच्या वासाने मला बनारसची ती दुपार आठवते. मी पहिल्यांदाच एकटी फिरायला गेले होते. घराघरांतून रियाजाचे सूर येत होते आणि मी ते ऐकत गल्लीतून रमतगमत चालले होते. तेवढ्यात मागून कोणी म्हणालं, "ताई, एकट्याच फिरून राह्यल्या का?" परमुलखात आपली बोली ऐकून मी हसत वळले. एक अनोळखी, चाळिशीचा माणूस उभा होता. "तिसऱ्या माळ्यावरच्या खोलीत गरमी होत असन ना तुमाले?" लॉजमधली माझी खोली तिसऱ्याच माळ्यावर होती, आणि ते मी कोणालाही सांगितलं नव्हतं. मी तडक समोरच्या तबल्याच्या दुकानात शिरले आणि म्हाताऱ्या कारागिराला सगळं सांगितलं. "अंदर बैठो, बिटिया," म्हणत त्याने दार लावून घेतलं. बाहेर तो माणूस पायरीवर बसून शांतपणे गुणगुणत राहिला. तासाभराने कारागिराच्या बायकोने मला मागच्या दाराने काढून स्टेशनवर पोचवलं. सामान खोलीतच राहिलं. तो कोण होता, हे मला आजही माहीत नाही. इथे वर्ध्याच्या बाजारात सगळेच त्याच्यासारखं बोलतात, आणि त्याचा चेहरा आता मला नीटसा आठवत नाही.