सात नंबरच्या उंदराचा आकडा

परवा आमच्या फार्मसी कॉलेजात जुन्या स्टाफला बोलावलं होतं. शाल, नारळ, बटाटेवडा... आणि भाषणं. मी तिथं तीस वर्षं लॅब असिस्टंट होते.

शेजारच्या खुर्चीवर सत्तारभाई. उंदरांचे पिंजरे तेच सांभाळायचे. शहागंजहून नातवाच्या स्कूटरवर आले होते. कान अर्धे गेलेत, रुबाब मात्र तोच.

स्टेजवर आमचे जुने सर त्यांच्या गाजलेल्या प्रयोगाची गोष्ट सांगायला लागले. "आणि एके दिवशी माझ्या लक्षात आलं..." मी चहाचा कप खाली ठेवला. यांच्या लक्षात आलं?

थांबा, नीट सांगते. प्रयोग व्यसनाचा होता. उंदरानं खटका दाबला की दारूचा एक थेंब. पुढच्या थेंबासाठी जास्त वेळा दाबायचं, त्याच्या पुढच्यासाठी आणखी जास्त... असा भाव चढवत न्यायचा. उंदीर जिथं नाद सोडतो, तो आकडा म्हणजे त्याची ओढ. तो माझ्या रजिस्टरात जायचा.

सात नंबर भारी हट्टी. एका थेंबासाठी पन्नास-पन्नास वेळा दाबायचा. आणि अचानक एका आठवड्यात पंधरावरच कोपऱ्यात जाऊन बसायला लागला. सलग तीन दिवस.

सर भडकले. तुमचंच मोजायला चुकलंय, आकडा खोडा, नाहीतर ऑफिसात बदली करतो. मी नाही म्हटलं. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी आम्हाला खोडरबर हातात घेऊ दिलं नव्हतं. चुकलं तर एक रेघ मारायची. चुकलंच नसेल तर रेघही नाही.

चौथ्या दिवशी सकाळी लवकर जाऊन पिंजरा उघडला... भुशात ज्वारीच्या भाकरीचा चुरा!

प्रयोगासाठी उंदरांना खाणं बेतानंच द्यायचो. सत्तारभाईंना ते बघवेना. आपल्या डब्यातली भाकरी लाडक्या सात नंबरला घालत होते. पोट भरलं, तशी दारूची ओढ उतरली. मग सरांनी मुद्दाम काही उंदरांना पोटभर खाऊ घालून पाहिलं, पुन्हा तेच. पेपर छापून आला. नाव सरांचं. आम्ही दोघं आभारातही नाही.

तर परवा हे सगळं आठवत मी सरांचं भाषण ऐकत होते. सत्तारभाई माझ्या कानाशी वाकून कुजबुजले. बहिऱ्या माणसाची कुजबुज ती... पार स्टेजपर्यंत गेली.

"इनको कब समझा बाई? भाकर मैं डाला, पकडे आप! इनो तो आकडा मिटाव बोले थे!"

हॉल हसायला लागला. सर हसले नाहीत. चष्मा काढून पुसला... आणि माइकवर म्हणाले, "सत्तारभाई खरं बोलतात. मी खोडायला सांगितलं होतं. जाधव बाईंनी खोडलं नाही, म्हणून तो प्रयोग उभा राहिला."

उशीर किती! माझे केस पांढरे होईपर्यंत. पण टाळ्या वाजल्या तेव्हा मान ताठ झाली, खोटं कशाला बोलू?

बाहेर एका विद्यार्थिनीनं विचारलं, मॅडम, खोडला असता तर? तर सात नंबर खोटारडा ठरला असता, मी म्हटलं. तो बिचारा थोडाच स्टेजवर येऊन आपली बाजू मांडणार होता...

माझी मांडायला निदान सत्तारभाई होते.