गच्चीत मावली तेवढी बोट

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, शाळेत गणित शिकवायचे. पण त्यांची खरी ओळख ती नव्हे. चौतीस वर्षं त्यांनी त्या शाळेचं वेळापत्रक केलं. बावीस शिक्षक, सोळा वर्ग, एकच प्रयोगशाळा आणि आठवड्यातून तीनच दिवस येणारे चित्रकलेचे मास्तर, या सगळ्यांना असं बसवायचं की कुणी कुणावर आदळता कामा नये. हे काम मोठ्या सुट्टीत चाले. बाहेरच्या खोलीत जमिनीवर पुठ्ठ्याचा तक्ता, त्यावर रंगीत चिठ्ठ्या, आणि पंखा बंद. पंखा लावला की भूगोल उडून स्वयंपाकघरात जायचा. त्यामुळे सुट्टीत ताईच्या घराची भट्टी व्हायची आणि बाहेरगावी जायचं कुणी नावही काढत नसे. लग्नाला शेहेचाळीस वर्षं झाली तरी ताईने समुद्र पाहिला होता तो कॅलेंडरवरच.

चिठ्ठ्या लावताना भाऊजींचा एक नियम होता. आपलं माणूस शेवटी. वेळापत्रक करणाऱ्याने आधी स्वतःची सोय पाहिली असं कुणाला म्हणता येऊ नये, म्हणून स्वतःच्या चिठ्ठ्या ते एका काडेपेटीत ठेवत आणि सगळी शाळा बसली की उरलेल्या भोकांत स्वतःला कोंबत. शनिवारचा शेवटचा तास, तोही सर्वांत दंगेखोर वर्गावर, चौतीस वर्षं त्यांच्याकडेच होता. हाच नियम त्यांनी घरातही लावला. ताईच्या चष्म्याचा नंबर बदलला तेव्हा त्यांनी आधी खालच्या मजल्यावरच्या आजोबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेऊन आणलं.

ताईने आयुष्यात फारसं काही मागितलं नाही. तिला एकच गोष्ट बघायची होती. बेटावरच्या मोकळ्या रानात फिरणारी, माणसाएवढी घोरपड. लहानपणी ताईच्या वर्गाच्या भिंतीवर तसल्या घोरपडीचं चित्र होतं. ती घोरपड अशा नजरेने बघते की आपणच तिच्या घरात न विचारता शिरलोय असं वाटतं, असं ताई सांगायची. मला पालीचीही भीती वाटते, त्यामुळे हा विषय निघाला की मी पाणी प्यायला उठायचो.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी ताईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरवलं. दोन महिन्यांनंतरची तारीख दिली, आणि त्यानंतर बोटीत चढणं-उतरणं कायमचं बंद, असंही सांगून टाकलं. घरी आल्यावर ताई खुर्चीत बसली आणि भाऊजींना म्हणाली, "अहो, मला घोरपड बघायची आहे. आता नाही तर मग राहिलंच."

भाऊजींनी स्टूल घेतलं आणि माळ्यावरून तक्ता खाली काढला.

आमच्या गावापासून चार तासांवर बंदर आहे. तिथला एक बोटवाला लोकांना दोन बेटं दाखवतो. पहिल्या बेटावर मोठ्या घोरपडी आणि मगरी, दुसऱ्यावर कासवं आणि साप. भाऊजींनी त्याला फोन करून कोणता प्राणी किती वाजता बाहेर येतो ते विचारलं. तो म्हणाला की मास्तर, ते आपल्या मर्जीने येतात. भाऊजींना यात नवल वाटलं नाही. त्यांचे बावीस शिक्षकही सुरुवातीला असंच म्हणायचे.

आठ दिवसांत तक्ता भरला. पहिला दिवस, पहिलं बेट: घोरपड आठ दहा ते आठ पंचेचाळीस. मगर नऊ ते नऊ पस्तीस. मग पाच मिनिटांची लघुशंकेची सुट्टी, कारण मंडळी वयस्कर होती. घोरपड गैरहजर राहिली तर तिचा तास मगरीने घ्यायचा, मगर नसेल तर कासवाने. कासव दुसऱ्या बेटावर आहे, हे मी एकदा भीतभीत निदर्शनास आणलं. भाऊजींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले की बदली तासाची सवय सगळ्यांनाच ठेवावी लागते. सापांना त्यांनी मोकळा तास दिला होता. साप ठरल्या वेळी येतील यावर त्यांचाही विश्वास नव्हता.

मग बोट. बोटवाल्याने लांबी बावन्न फूट सांगितली होती. भाऊजींनी ताईच्या इमारतीच्या गच्चीवर टेप धरून खडूने बोट आखायला घेतली. जिन्यापासून सुरुवात केली, एकतीस फुटांवर पाण्याची टाकी आली. तिथे त्यांनी टाकीवर एक बाण काढला, खाली "बोट पुढे चालू" असं लिहिलं, आणि जेवढी आखली होती तेवढ्या बोटीत खुर्च्या मांडल्या. चारच्या तीन ओळी. बारा माणसं.

या बारा माणसांची गच्चीवर रोज संध्याकाळी तालीम सुरू झाली. त्यांच्या शाळेतले निवृत्त सहकारी आठ, खालच्या मजल्यावरचे आजोबा, कोपऱ्यावरचे शिंपीकाका, वाचनालयातल्या बाई आणि मी. कोणी कुठे बसायचं हे वजनावर ठरलं होतं. माझं वजन ब्याण्णव किलो, म्हणून मला पुढच्या ओळीत डाव्या टोकाला ठेवलं होतं. तोल साधायला उजव्या टोकाला आजोबा आणि शिंपीकाका, दोघे मिळून माझ्याएवढे. भाऊजी हातातली घंटा वाजवायचे आणि आम्ही घोरपडीसाठी उजवीकडे माना वळवायचो. पुन्हा घंटा झाली की मगरीसाठी डावीकडे. आजोबा एकदा मगरीच्या तासाला उजवीकडे बघत राहिले तर त्यांना सगळ्यांदेखत उभं केलं. शिंपीकाका म्हणाले की एवढी शिस्त असती तर मी चौथीत शाळा सोडली नसती. कपडे वाळत घालायला आलेल्या बायका आमच्याकडे बघून न बघितल्यासारखं करत खाली जायच्या.

बघता बघता महिना निघून गेला. भाऊजी तक्ता सुधारत राहिले आणि ताईच्या ऑपरेशनची तारीख जवळ येत राहिली. शेवटी निघण्याचा दिवस ठरला, आणि आदल्या संध्याकाळी रंगीत तालमीला म्हणून ताईला वर बोलावलं. तीन जिने, प्रत्येक वळणावर थांबत, भिंतीला हात लावत ती आली. खांद्याला नवी पिशवी होती. खडूच्या बोटीत ती जपून शिरली आणि आपली खुर्ची शोधू लागली.

बाराही खुर्च्यांवर आम्ही बसलेलो.

भाऊजी आधी हसले. मग तक्त्याकडे पाहिलं, खिसे चाचपले, आणि सदऱ्याच्या खिशातून काडेपेटी काढली. आत दोन चिठ्ठ्या होत्या. त्यांची स्वतःची, कारण ते दोन्ही दिवस घंटा घेऊन उभे राहणार होते, आणि ताईची. आधी सगळे बसू देत, मग आपलं माणूस, म्हणून ती बाजूला ठेवलेली. सगळे बसले आणि तक्ता भरला.

शिंपीकाका आकाशात काहीतरी शोधू लागले. वाचनालयातल्या बाईंनी पिशवीतून पुस्तक काढून उघडलं. मी उठलो आणि म्हणालो की माझी जागा ताईला द्या, मला खरंच चालेल. हे मी मोठेपणाने म्हणत नव्हतो. गेले महिनाभर मला स्वप्नात पाली दिसत होत्या.

"तू उठलास तर बोट उजवीकडे कलंडेल," भाऊजी म्हणाले. "आणि एक चिठ्ठी हलवली की सगळा तक्ता हलतो. उद्या सकाळी निघायचंय. मी कुणाला उठवू, तूच सांग."

ताई तिथेच उभी होती. रडेल असं मला वाटलं. पण ती टाकीवरचा बाण बघत होती.

"अहो, टाकीच्या पलीकडे काय आहे?"

"टाकीच्या पलीकडे," भाऊजी म्हणाले, आणि थांबले. महिनाभर ते या एकतीस फुटांतच वावरले होते. "टाकीच्या पलीकडे बोटीचा मागचा भाग."

"तिथे माझी कपड्यांची दोरी आहे. गुडघे धड होते तोवर रोज जायचे मी. चांगली ऐसपैस जागा आहे, वाराही येतो." ती पिशवी सावरत म्हणाली, "तिथे खुर्ची ठेवायला काही अडचण आहे?"

"पण तिथला तक्ताच केलेला नाही."

"नका करू. मी टाकीपलीकडे बसते. मला कुठल्याच तासाला घालू नका."

भाऊजींनी तक्ता वरपासून खालपर्यंत बोटाने तपासला. तक्त्यात बदल न करता माणूस बसवण्याचा हा प्रकार त्यांच्या चौतीस वर्षांत कधी झाला नव्हता. अखेर ते म्हणाले, "हरकत नाही. पण जबाबदारी तुझी."

दुसऱ्या दिवशी आम्ही बंदर गाठलं, रात्री तिथेच मुक्काम केला आणि सकाळी बोटीत चढलो. बोटीत पंचवीस माणसांची सोय होती आणि आम्ही बाराजण पुढच्या एकतीस फुटांत गुडघ्याला गुडघा लावून बसलो. मागे एकवीस फूट बोट मोकळी, आणि अगदी टोकाला खुर्चीत ताई. बोटवाल्याने दोनदा सांगितलं की अहो, मागे सरका, ऐसपैस बसा. शिंपीकाकांनी त्याला समजावलं की ते टाकीपलीकडे आहे. सुकाणूजवळच्या पोराने बोट चालवायला घेतली तेव्हा बोटवाला वारंवार आमच्याकडे बघत होता.

पहिल्या बेटाला बोट मागच्या बाजूने लावली. आठ वाजून दहा मिनिटांनी घंटा झाली. आम्ही किनाऱ्यावर ओळीत उभे राहून उजवीकडे बघितलं. वाळू होती, झुडपं होती, घोरपड नव्हती. पस्तीस मिनिटं बघितलं. मग भाऊजींनी बदली तास जाहीर केला आणि सगळे मगरीसाठी आतल्या ओढ्याकडे निघाले. ताईला तेवढं चालवत नव्हतं, ती खुर्चीतून हललीच नव्हती. चार पावलं गेल्यावर भाऊजींनी मला परत पाठवलं. मागे ती एकटी, पुढे कुणीच नाही, बोटीचं नाक वर उचललं जाईल, म्हणून मी पुढे माझ्या जागी जाऊन बसायचं.

मी जाऊन बसलो. तोंड पुढे, समुद्राकडे, तालमीत शिकवलं होतं तसं. बरीच मिनिटं गेली. मग मागून ताईचा आवाज आला, अगदी खालच्या पट्टीत.

"ढब्बू, घाबरू नकोस. हळूच मागे बघ."

सदुसष्ट वर्षांच्या माणसाला ढब्बू म्हणणारी ती एकच आहे. मी मान वळवली. बोटीच्या टोकापासून सात-आठ हातांवर, वाळूत, घोरपड बसली होती. मी सांगितलं तर कुणाला पटणार नाही, पण लांबीला माझ्याएवढी असेल. पाय पसरलेले, मान उंच. जीभ एकदा बाहेर आली, आत गेली. ताई खुर्चीत दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती. दोघी एकमेकींकडे बघत होत्या आणि दोघींनाही घाई नव्हती. मी पुन्हा समुद्राकडे तोंड केलं. थोड्या वेळाने वाळूवर काहीतरी फरपटत गेल्याचा आवाज आला आणि ताईने श्वास सोडला.

ओढ्यावर कुणालाच मगर दिसली नव्हती. मंडळी घामाघूम होऊन परतली. भाऊजी सर्वांत शेवटी आले, तक्ता बगलेत, मान खाली. ताईकडे न बघता ते म्हणाले की उद्या घोरपडीला एक जादा तास काढता येईल, पण दुसऱ्या बेटावर घोरपडीच नाहीत.

"मी बघितली," ताई म्हणाली.

भाऊजी थांबले. माझ्याकडे वळले. मी मान डोलावली. ते बारा खुर्च्यांच्या मधून वाट काढत, टाकी जिथे असती तिथून पुढे, बोटीच्या मोकळ्या भागात गेले. महिनाभरात पहिल्यांदाच. ताईजवळच्या फळीवर बसले आणि म्हणाले, "मग मला सांग. सगळं सांग."

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बेटावर ना कासव आलं, ना साप. घंटा शिंपीकाकांनी वाजवली आणि ती इतक्या वेळा वाजवली की वाचनालयातल्या बाईंनी शेवटी ती त्यांच्याकडून काढून घेतली. भाऊजी सकाळपासून मागेच बसून होते. मी दुपारी त्यांना पाणी द्यायला गेलो. भाऊजी विचारत होते की जीभ नेमकी किती बाहेर आली होती, आणि ताई हातांनी दाखवत होती. ती जीभ कालच्यापेक्षा चांगली वीतभर वाढली होती. खरी जीभ मीही पाहिली होती, पण मी पाण्याचा तांब्या तिथे ठेवला आणि पुढे माझ्या जागी जाऊन बसलो.