वहिनींचा डावा हात

आमच्या वहिनी पोटापाण्यासाठी दुसऱ्यांची बडबड ऐकतात. कुठल्या सभेचं, कुठल्या मुलाखतीचं ध्वनिमुद्रण येतं, वहिनी कानाला हेडफोन लावतात आणि ऐकतील तसं कॉम्प्युटरवर टाइप करून देतात. कोणता वक्ता वाक्य अर्धवट सोडतो, कोण दुसऱ्याला बोलूच देत नाही, हे सगळं त्यांना पाठ. पण घरी त्यातला चकार शब्द काढत नाहीत. दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, किती खोदून विचारलं तरी त्याला फक्त चहा मिळतो.

माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि माझा स्वभाव दुकानाला शोभणारा नाही. "मी काही केलं नाही हो, आपोआप बिघडलं," असं गिऱ्हाईक म्हणालं की माझं डोकं फिरतं. आपोआप दूधसुद्धा उतू जात नाही, कुणीतरी गॅस चालू ठेवून गेलेलं असतं. वहिनी मात्र असलं कधी बोलत नाहीत. त्या आपलं काय केलं, कुठं दाबलं, मग काय झालं, असं ओळीनं सांगतात. अशी चार गिऱ्हाइकं मिळाली असती तर माझे केस इतक्या लवकर पिकले नसते.

दोन वर्षांपूर्वी वहिनींना अर्धांगाचा सौम्य झटका आला. त्याची पहिली खूण कीबोर्डवरच दिसली होती. टाइप केलेल्या मजकुरातून अक्षरं गळायला लागली. डाव्या हाताची बोटं कळांवर पडत होती, पण कळा दाबल्या जात नव्हत्या. पुढे दवाखाना झाला, व्यायाम झाले, हात परत आला. व्यायाम शिकवणारी बाई म्हणाली होती, डाव्या हाताला बसून खाऊ देऊ नका. वहिनींनी ते मनावर घेतलं. ध्वनिमुद्रण थांबवायला त्या आधी पायाखालचं पेडल वापरायच्या. ते त्यांनी माळ्यावर टाकलं आणि माझ्याकडून थांबवण्याचा हुकूम तीन कळांवर बसवून घेतला: कंट्रोल, शिफ्ट आणि एस. तिन्ही कळा डाव्या हाताच्या, एकदम दाबायच्या. दोन वाक्यं ऐकली की दाबायचं, टाइप करायचं, परत दाबायचं. दिवसभर हाताची अशी तालीम चालायची.

परवा दुपारी दादाचा फोन आला. "कीबोर्ड घेऊन ये. नवा." एवढंच बोलला. निवृत्त झाल्यापासून घरातल्या प्रत्येक वस्तूवर देखरेख ठेवणारा हा माणूस एरवी एका फोनमध्ये तीन तक्रारी सांगतो, म्हणून मी दुकान तसंच टाकून निघालो.

वहिनी खुर्चीत बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीवर. "अक्षरं गळतायत, भाऊजी," त्या म्हणाल्या. दादा खिडकीपाशी उभा होता. याचा अर्थ काय ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

मी नवा कीबोर्ड जोडला. वहिनींनी ध्वनिमुद्रण लावलं, डाव्या हातानं थांबवायला गेल्या. ते थांबलं नाही, बोलणारा आपला बोलतच राहिला. त्यांनी टाइप केलं, तर ओळीतले सुरुवातीचे दोन शब्द पडद्यावर नाहीतच. माऊसनं एकदा मजकुरावर टिचकी मारली, मग पुढचे शब्द उमटायला लागले. नव्या कीबोर्डवरही जुनंच दुखणं.

"उठा, मी बघतो," म्हणून मी बसलो. मी माऊसवाला माणूस. माऊसनंच ध्वनिमुद्रण थांबवलं आणि कोंबडीनं दाणे टिपावेत तसं दोन बोटांनी टाइप केलं. एकही अक्षर गळलं नाही. "माझ्या हातानं तर नीट होतंय," असं माझ्या तोंडून निघून गेलं.

"म्हणजे हातच," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "मला वाटलंच होतं. आठवडा झाला या गोष्टीला. डॉक्टरांनी दुपारची नवी गोळी सुरू केली तेव्हाच मी समजले, दुखणं परत येतंय. उद्याचं काम मी सकाळीच नाही म्हणून कळवलंय."

"आठवडा?" दादा वळला. "आणि मला आज सांगतेस?"

"तुम्ही झोपला नसतात."

दादाला राग आला. त्याला भीती वाटली की तो रागावतोच, लहानपणापासून बघतोय मी. मला त्यानं खुर्चीतून जवळजवळ ढकललंच. "हो बाजूला. आणि तू सांग गं मला, काय दाबतेस आणि कसं दाबतेस. मी बघतो कसं होत नाही ते."

दादा टीव्हीचा रिमोटसुद्धा चष्मा लावून वापरतो. पण वहिनी सांगू लागल्या. "डावा हात. करंगळी कंट्रोलवर. तिच्या शेजारचं बोट शिफ्टवर. मधलं एसवर. आता तिन्ही एकदम." दादानं बोटं वेडीवाकडी करून एकदाचं दाबलं. ध्वनिमुद्रण थांबलं नाही.

"आता काहीतरी लिहा."

दादानं उजव्या हाताच्या बोटानं एक कळ दाबली. मग दुसरी, मग तिसरी, जरा जोरात. पडद्यावर एकही अक्षर उमटलं नाही. त्यानं डावा हात उचलून डोळ्यांसमोर धरला. "आयला, माझाही गेला की काय?"

वहिनी उठून त्याच्या पाठीशी आल्या. "परत दाबा," त्या म्हणाल्या. त्यानं परत दाबलं. परत काही नाही. "अजून एकदा." त्यांनी त्याच्याकडून ते किती वेळा करून घेतलं कोण जाणे. दर वेळी अक्षरं गळाली की त्यांचा चेहरा उजळत होता. शेवटी त्या पलंगावर बसल्या, हसल्या आणि हसता हसता रडल्या. यंत्र बिघडलेलं बघून इतका आनंद झालेलं माणूस मी दुकानात आजवर पाहिलेलं नाही.

मग माझं डोकं चालायला लागलं. हात दोन माणसांचे, कीबोर्डही दोन, आणि बिघाड एक. म्हणजे या तीन कळा मधल्या मधे दुसरंच कुणीतरी पळवतंय. मी चालू असलेले प्रोग्राम एकेक करून बंद करत गेलो आणि दर वेळी त्या तीन कळा दाबून बघत गेलो. पडद्याच्या कोपऱ्यातली पिवळी चिठ्ठी बंद केली, कळा दाबल्या आणि ध्वनिमुद्रण मुकाट थांबलं, अक्षरंही एकामागून एक उमटली.

"ही चिठ्ठी कुठून आली?"

दादा घसा साफ करू लागला. नव्या गोळीची आठवण राहावी म्हणून गेल्या आठवड्यात त्यानंच तो प्रोग्राम कुठूनसा उतरवून घेतला होता. त्यातल्या 'थोड्या वेळानं आठवण कर' या हुकुमाच्याही त्याच तीन कळा. एका म्यानात दोन तलवारी. वहिनींनी कळा दाबल्या की हा चिठ्ठीवाला आधी ओ द्यायचा, ध्वनिमुद्रणाला हाक पोचायचीच नाही. वर हा आपली खिडकी सगळ्यांच्या मागे गुपचूप उघडायचा, आणि पुढची अक्षरं त्या न दिसणाऱ्या खिडकीत जाऊन पडायची.

"मी तर तिच्या काळजीपोटी केलं रे," दादा म्हणाला.

"काळजीच नडली," मी म्हणालो. "वहिनी, तुमचा हुकूम दुसऱ्या कळांवर बसवू का? उजव्या हाताला सोपं जाईल."

"माझा राहू दे. ह्यांचा बदला."

"काढूनच टाक," दादा म्हणाला. "मी तोंडानं आठवण करत जाईन."

"ती तर तुम्ही चिठ्ठीच्या आधीही करताच. आणि नंतरही."

मी प्रोग्राम काढून टाकला. वहिनींनी फोन उचलला आणि काम देणाऱ्या बाईंना लावला. "सकाळी नाही म्हटलं होतं, ते राहू दे. उद्याचं काम पाठवा. परवाचंही पाठवा." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. वहिनी आमच्याकडे पाठ करून खिडकीकडे वळल्या.

"हात? हात चांगला आहे," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, कुणी विचारलं नसताना, परत म्हणाल्या, "चांगला आहे माझा हात."