इंदुताईंचा हिरवा पेला

इंदुताई चहाला आल्या की कप हातात घेऊन घरभर फिरत. बसा म्हटलं की खुर्चीच्या कडेला टेकत आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत खिडकीपाशी गेलेल्या असत, झाड कुठल्या बाजूला हलतंय ते बघायला. नवरा तोफखान्यात, त्यामुळे जन्मभर बदल्या. ते गेल्यावर देवळाली कॅम्पात आमच्या शेजारी कायमच्या राहायला आल्या, तरी निम्मी खोकी बांधलेलीच होती. "सोडून काय करू? मला एका जागी टिकायची सवय नाही," असं म्हणायच्या.

अशा बाईंनी नाद लावून घेतला होता मातीच्या भांड्यांचा, ज्यात निम्मं काम वाट बघण्याचं. परसात विटांची भट्टी होती आणि जळणाला द्राक्षबागेच्या छाटणीच्या काड्या. भांड्यांना त्या रंग लावत नसत. काड्यांची राख ज्वाळेबरोबर उडून भांड्यांवर बसायची आणि वितळून काचेसारखी चमकायची. वारा असेल तशी एका अंगाला दाट, दुसऱ्याला विरळ. "मी नुसता आकार देते. पुढचं वारा आणि विस्तव बघतात," असं ऐटीत सांगत.

पण त्या दोघांना काम पुरं करू देणं त्यांना जमत नसे. भट्टी विझली की पुरती थंड होईपर्यंत उघडायची नसते. इंदुताई ती धगधगत असतानाच विटा काढून आत डोकावत. गार हवा शिरली की टण्, टण् आवाज यायचा, भांडी तडकल्याचा. तो माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येई आणि मी चिडे. त्याही स्वतःला शिव्या घालत, आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच.

अशाच एका घाईत तो पेला निघाला. एक अंग तपकिरी, दुसरं कच्च्या द्राक्षासारखं हिरवं, आणि काठापासून बुडापर्यंत तडा. बागेवर मोरचूद फवारतात, त्यातलं तांबं राखेतून उतरलं असणार, असं त्यांनी ताडलं. तेव्हापासून त्यांना पाणी पिता येईल असा एक धड हिरवा पेला हवा होता. दर वर्षी दिंडोरीजवळच्या त्याच बागेच्या काड्या आणत. हिरवं कधी दिसलंच, तर फुटक्या तुकड्यांवर.

गेल्या वर्षी बागवाल्याचा निरोप आला, बाग तोडतोय, शेवटच्या काड्या घेऊन जा. म्हणजे शेवटचीच संधी. भट्टी विझली त्या सकाळी इंदुताई पर्स घेऊन माझ्या दारात उभ्या.

"गाडी काढ. मी इथे राहिले तर विटा काढणारच."

मग भट्टी निवेपर्यंत आम्ही दोघी रोज भटकत सुटलो. लासलगावला कांद्याचा लिलाव बघितला, दोघींना कांदा घ्यायचा नसताना. पिंपळगावला एका बागेच्या बांधावर उभं राहून त्यांनी शेतकऱ्याला फवारणीबद्दल इतकं विचारलं की त्याला त्या सरकारी माणूस वाटल्या. दर थोड्या वेळाने प्रश्न तोच, आता कोमट झाली असेल का गं? संध्याकाळी घरी येताना माझेच हात शिवशिवायला लागले. हा आजार संसर्गजन्य असावा.

शेवटी विटा गार लागल्या. भांडी एकेक करून बाहेर आली. एकालाही तडा नव्हता. आणि एकही हिरवं नव्हतं. सगळी गुळगुळीत, शहाणी, तपकिरी.

मी काहीतरी बरं बोलायच्या बेतात होते. इंदुताई आतून जुना फुटका पेला घेऊन आल्या आणि बराच वेळ तो फिरवत राहिल्या.

"अगं, तेव्हा मी भट्टी तापलेली असताना उघडली होती. वारा आत शिरला म्हणून हे हिरवं झालं." मग म्हणाल्या, "जन्मात एकदा धीर धरला, तोही नेमका नको तिथे."

आणि हसत सुटल्या, इतक्या की त्यांना खाली बसावं लागलं. मला मात्र रडू आलं.

संध्याकाळपर्यंत त्यांचा नवा बेत तयार होता. भट्टी लाल असताना क्षणभर उघडायची आणि लगेच बंद करायची. मोरचूद सगळेच फवारतात, तेव्हा काड्या कुठल्याही चालतील. पिंपळगावच्या त्या शेतकऱ्याला फोन गेला, पुढच्या ऑक्टोबरच्या छाटणीच्या काड्या पाठव म्हणून.

यंदा गणपती उठले आणि पुढच्याच आठवड्यात इंदुताई गेल्या. झोपेत. त्या झोपेत जातील असं मला कधीच वाटलं नव्हतं. त्यांची मुलगी आली, बांधलेली खोकी घेऊन गेली आणि घराची किल्ली माझ्याकडे ठेवली.

परवा फाटकाशी काड्यांनी भरलेला टेम्पो उभा राहिला.

"ताई हायेत का?" ड्रायव्हरने विचारलं. मी सांगितलं. तो ओशाळला. "मंग माघारी नेऊ का?"

मला मातीतलं काही कळत नाही. पण परसातल्या फळीवर त्यांनी केलेले पेले वाळून तयार होते.

"भट्टीपाशी उतरवा," मी म्हटलं, आणि झाड कुठल्या बाजूला हलतंय ते बघत उभी राहिले.