जुलैतलं जॅकेट

दाराबाहेर पाऊल टाकण्याआधी थर्मन बीझली रोज एकच गोष्ट करायचे. खुंटीवरचं बस कंपनीचं निळं जॅकेट अंगात घालायचे, चेन पार गळ्यापर्यंत ओढायचे आणि छातीवरचा बिल्ला सरळ आहे ना, ते आरशात बघायचे. मगच कडी निघायची. गावात काम असो, नाहीतर अंगणातल्या हिरवळीवर पडलेला पेपर उचलायचा असो. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. डिसेंबरात त्या जॅकेटचं कुणाला काही वाटत नसे. पण जुलैतही?

क्लीव्हलंडच्या काळ्या वस्तीतल्या आमच्या गल्लीत या प्रश्नावर पुष्कळ विचार झालेला होता. फेरिसमामांच्या गॅरेजचं दार उन्हाळाभर वर असायचं. आत गाडीऐवजी पंखा, रेडिओ, घडीच्या खुर्च्या आणि पत्त्यांचं टेबल. मामा, चर्चचे डीकन होझिया आणि सुतारकाम करून थकलेले रेफर्ड तिथे दुपारभर बसायचे. त्यांच्या व्हिस्टच्या डावाला चार माणसं लागतात. चौथा भिडू मुलाकडे अटलांटाला राहायला गेल्यापासून तिघं कसाबसा काहीतरी डाव मांडत आणि भांडत.

"पेन्शनचा माज आहे तो," रेफर्ड म्हणायचे. "कंपनीचा बिल्ला मिरवतोय."

"रक्त थंड असतं काहींचं," डीकन म्हणायचे.

माझी मामी नर्स होती. तिचं मत वेगळं होतं. "व्हर्लीनने शेवटचं धुतलेलं असेल ते. बायको गेल्यावर पुरुष कशाला धरून बसेल, सांगता येत नाही."

बीझली गॅरेजवरून जायचे तेव्हा हमखास हाक जायची, "काय ड्रायव्हरसाहेब, ही बस हार्वर्ड रस्त्यापर्यंत जाते का?" ते दोन बोटं कपाळाला लावायचे आणि पुढे जायचे. साडेसहा फुटी, काळाकभिन्न, खर्जातल्या आवाजाचा माणूस. पण तो आवाज आम्ही क्वचितच ऐकलेला. व्हर्लीन होती तेव्हा दोघांचं बोलणं तीच बोलायची. ती गेल्यावर त्यांनी चर्चला येणं सोडलं. प्रवचन रेडिओवर ऐकतात, असं कुणीतरी म्हणालं. हळूहळू त्यांच्या घरून ऐकू येणारा एकच आवाज उरला, गवत कापायच्या यंत्राचा.

त्या दुपारी डांबर मऊ झालं होतं. बीझली औषधांच्या दुकानातून परतत होते. गॅरेजसमोर आले आणि फुटपाथच्या कडेला हळूच बसले, बूट बांधायला बसावं तसे.

"बस बंद पडली का हो?" रेफर्डनी हाक दिली.

बोटं कपाळाकडे गेली नाहीत. मामा खुर्ची पाडूनच उठले.

तिघांनी त्यांना धरलं तेव्हा चेहरा राखेसारखा झाला होता. डीकननी चेनला हात घातला, तर बीझलींनी ती मुठीत आवळून धरली.

"सोड थर्मन. भाजून मरशील."

"इथे नको," ते पुटपुटले. "आत न्या. आत काढा."

आत नेल्यावरच त्यांनी मूठ सोडली. मामीने ओला टॉवेल मानेवर टाकला, नाडी धरली, घोट घोट पाणी पाजलं. थोड्या वेळाने म्हणाली, "दवाखान्यात नेत नाही, पण ऊन उतरेपर्यंत इथून हलायचं नाही. आणि यांच्याशी पत्ते खेळायचे नाहीत, रक्तदाब वाढेल."

जॅकेटच्या आतला माणूस आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. घामाने भिजलेली बनियन, उतरलेले खांदे. वाटायचे त्याहून बरेच बारीक होते ते. त्यांचे हात सारखे मांडीवर काहीतरी शोधत होते.

"तू जीव द्यायला तयार होतास," मामा म्हणाले, "पण फुटपाथवर चेन उघडायला नाही. आता मला विचारू दे बाबा. का?"

बीझलींनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"निवृत्तीनंतरचा पहिला वसंत," बीझली म्हणाले. "व्हर्लीन म्हणाली, फिरून ये, गुडघे मोकळे होतील. साध्या शर्टात निघालो. तळ्याकडच्या मोठ्या घरांपाशी गेलो, माझा जुना रूट. दम लागला म्हणून एका कुंपणाला धरून उभा राहिलो. पाच मिनिटांत पोलीस. म्हणे, एक धिप्पाड माणूस घरं हेरतोय. बसवलं मला कडेला, पाय लांब करून."

"मारलं?"

"नाही. सभ्यपणे बसवलं." ते किंचित हसले. "फोन करणारी बाई दारात उभी होती. रोज सकाळी माझ्याच बसने जायची ती. नाताळला मला बिस्किटं द्यायची, वर 'काळजी घ्या' म्हणायची. माझ्याकडे नीट बघितलं तिने. ओळखलं नाही. तेव्हा कळलं, इतकी वर्षं ती जॅकेटशी बोलत होती."

रेफर्डनी रेडिओ बंद केला.

"पण ही आपली गल्ली आहे," डीकन म्हणाले. "इथे कोण फोन करणार होतं?"

"एकदा अंगवळणी पडलं की गल्ली कुठे संपते ते कळत नाही. आणि तुम्हीही ड्रायव्हर म्हणूनच हाक मारायचात. म्हटलं, यांनाही तोच हवाय."

मामांनी मान खाली घातली. मग उठून त्यांनी खिळ्यावरचा कुत्र्याचा पट्टा काढला.

"आमचा कुत्रा बिशप मेला त्याला दोन उन्हाळे झाले," ते म्हणाले. "संध्याकाळी फिरायला जाताना मी अजून हा हातात धरतो. लोकांना वाटतं, कुत्रा इथेच कुठेतरी असेल. कुत्र्याच्या मालकाला कुणी हटकत नाही."

मी त्यांच्याच घरात राहत होते. मला वाटायचं, मामा कुत्र्याच्या आठवणीने पट्टा नेतात.

"तू रिकामा पट्टा फिरवतोस?" रेफर्ड ओरडले. "अरे, मी समजलो तुला भ्रम झालाय! बायकोला म्हटलंसुद्धा!"

"आणि तू? दुकानातून येताना पावती झेंड्यासारखी का धरतोस?"

"वाऱ्याने उडू नये म्हणून."

"खोटारडा."

"बरं. माल चोरीचा नाही, हे लांबून दिसावं म्हणून." रेफर्डनी डीकनकडे बघितलं. "आणि हे महाशय कोपऱ्यावर वळायच्या आधी खोकतात. मला वाटायचं, क्षय आहे."

"अचानक समोर आलो की लोक दचकतात," म्हणत डीकननी घसा खाकरला आणि सगळे हसत सुटले. बीझलीही. तो आवाज पत्र्यावर मेघ गडगडावा तसा होता. हसता हसता त्यांनी टॉवेल तोंडावर घेतला आणि बराच वेळ काढला नाही. कुणी काढायला सांगितलंही नाही.

ऊन उतरलं तेव्हा मामीने नाडी पुन्हा बघितली आणि म्हणाली, "जा आता घरी." बीझली उठले नाहीत. टेबलावरचे पत्ते त्यांनी ओढून घेतले, पिसले आणि विचारलं, "थर्मनला कुणी भिडू घेतं का?"

जॅकेट सुटलं, असं मी म्हणणार नाही. बँकेत जाताना, बस पकडताना ते अंगावर असायचंच. पण गॅरेजकडे ते शर्टात येऊ लागले. पहिल्या दिवशी रस्ता ओलांडताना दोन्ही हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. खेळायला मात्र अट्टल निघाले. रेफर्डना त्यांनी इतकं हरवलं, की रेफर्ड पुन्हा "ड्रायव्हर" म्हणायला लागले. मग जीभ चावून "थर्मन" म्हणायचे, आणि शिवी जोडायचे.

सप्टेंबरात ते झोपेतच गेले. आदल्या संध्याकाळी डाव आवरला, मामांनी पंखा बंद केला. थर्मन गॅरेजच्या दारात थांबले, आभाळाकडे बघितलं आणि म्हणाले, "उद्या मक्याची कणसं आणतो. मीठ तुमच्यापैकी कुणीतरी आणा, दर वेळी मीच का?"