चौदाव्या प्रश्नाला आक्काचं ‘नाय’

“थर्ड डिग्री युटेराइन प्रोलॅप्स,” महाडच्या डॉक्टरबाई पडद्यामागून बाहेर येत म्हणाल्या. म्हणजे गर्भाशयाला धरून ठेवणारे स्नायू सैल पडतात आणि गर्भाशय खाली सरकत शरीराबाहेर येतं. “किती वर्षं अंगावर काढलंत?”

“धा-अकरा,” आतून माझ्या मोठ्या बहिणीचा आवाज आला.

प्रजनन आरोग्यसेवा खेड्यातल्या बायकांपर्यंत सारखी कशी पोचेल, यावर मी वीस वर्षं संशोधन करतो आहे. आक्काचं घर उमरठजवळ. माझ्याच सर्वेक्षणात तिचाही फॉर्म भरला गेला होता. प्रश्न चौदावा : प्रजनन आरोग्याविषयी काही तक्रार आहे का? उत्तर : नाही.

बाहेर बाकावर मी तिच्यावरच चिडलो. “आक्का, इतक्या वर्षांत सांगायचंस तरी! फॉर्म भरताना तरी?”

“मंग काय सांगू? मी नातवंडंवाली बाई. या वयात कसलं रे प्रजनन? मला वाटलं, अजून पोरं हवीत का इचारतायत.”

मला हसू आलं नाही. फॉर्म तयार होत असताना आमच्या एका कार्यकर्तीने ‘अंग बाहेर येतं का?’ असा सरळ प्रश्न सुचवला होता. बरं दिसत नाही म्हणून तो मीच खोडला होता.

आक्काने मात्र गप्प बसून काढलं नव्हतं. लघवी अडते म्हणून ती तीनदा पोलादपूरच्या दवाखान्यात जाऊन आली होती. तिन्ही वेळा गोळ्या मिळाल्या, तपासणी एकदाही झाली नाही. डोक्यावर पाण्याचा हंडा, लावणीत वाकणं, अंग वर धरायला आत चिंधीचा बोळा. असे तिचे दिवस.

ऑपरेशनची तारीख मिळाली. उपाशीपोटी दुपारपर्यंत बसवल्यावर कळलं, भूल देणारे डॉक्टर आलेच नाहीत. दुसऱ्या तारखेला रक्तदाब वाढला. मी काउंटरवर आवाज चढवला. आक्का म्हणाली, “बाळू, तुझाच वाढलाय. जरा बस.” अशा अडचणींवर मी अहवाल लिहिले आहेत. लिहिताना त्यांचा एवढा संताप कधी आला नव्हता.

तिसऱ्या तारखेला व्हजायनल हिस्टरेक्टॉमी झाली, म्हणजे पोटावर टाका न घालता खालूनच पिशवी काढली. “तीन महिने वजन उचलायचं नाही,” डॉक्टरबाईंनी बजावलं. “पाणी मग घरातल्या पुरुषांनी आणायचं.” भावोजींनी मान डोलावली. मीही.

तुमच्या घरातली बाई बसता-उठता थबकत असेल, पुन्हा पुन्हा लघवीला जात असेल, तर तिला तिच्या शब्दांत विचारा. उत्तर ‘नाही’ आलं, तर आधी आपला प्रश्न तपासा.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी मी नवा फॉर्म घेऊन आक्काच्या खाटेशी बसलो. चौदावा प्रश्न वाचून दाखवला : अंग खाली येतं का?

“हां, असं इचार. पण तू नको इचारूस. बाई पाठव.”

शेजारच्या खाटेपाशी सुनेच्या बाळंतपणाला आलेली एक बाई बसली होती. ती माझ्याकडे न बघता आक्काला हळूच म्हणाली, “माझंपण येतं गो. चार वरसं झाली.”

आक्काने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी उठलो, बाहेर गेलो आणि नर्सताईंना आत पाठवलं.